एकाच कचेरीत दोन्ही घरं

बांधाच्या भांडणात माझा थोरला भाऊ गेला. मारणारा सख्खा चुलतभाऊ. त्यामुळे हवालदारापासून सरकारी वकिलांपर्यंत प्रत्येकाला आधी भावकी समजावून सांगावी लागायची.

खटला सरकार चालवतं, आम्ही नुसते साक्षीदार. मागे राहिलेल्या घराचं काय, हे कुणी आपणहून सांगत नाही. साक्षीच्या दिवशी कोर्टातला एक शिपाई म्हणाला, "विधी सेवा प्राधिकरणात जा की." कचेरी कोर्टाच्याच आवारात. वहिनी स्त्री असल्याने उत्पन्नाची अट न लावता तिला मोफत वकील मिळाला.

तिथल्या बाकावर काकू बसली होती, मारणाऱ्याची आई. बैलजोडी विकून लावलेला वकील आता परवडेना. कोठडीतल्या आरोपीलाही 1987 च्या त्याच विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. तिच्या मांडीवर आमच्यासारखीच कॅरीबॅग, आत आधार, रेशनकार्ड, एफआयआरची झेरॉक्स. वहिनीने तोंड फिरवलं. मला तर त्या सरकारी दयेचाच राग आला.

मागे राहिलेल्या घराला भरपाई जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 357अ खाली मिळायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते 396 आहे. पैसे आरोपी नाही, सरकार देतं. आरोपी सुटला तरी कोर्ट शिफारस करू शकतं. आमच्या खटल्यात जन्मठेप झाली आणि शिफारसही. मग शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, वारसांचे कागद. पासबुकावर वहिनीचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. तिथे गाडी अडली. प्राधिकरणाने चौकशी करून दोन महिन्यांत रक्कम ठरवावी असं कलम सांगतं. आमचं बरंच लांबलं.

पैसे जमा झाले आणि गावात उठलं, "मिटवलं वाटतं." खुनाच्या गुन्ह्यात कायद्याने तडजोड होतच नाही, पण पारावर कोण ऐकतो? आई त्या पैशाला हात लावेना. शेवटी पुतण्याच्या नावे ठेव केली.

पुतण्यासाठी बालसंगोपन योजनेचा अर्जही भरला, महिन्याला 2,250 रुपये. त्या फॉर्मवर कळलं, आईबाप तुरुंगात असलेली मुलंही यात बसतात. काकूची सून लेकराला टाकून माहेरी गेलेली, आणि शाळेत पोरं त्याला 'खुन्याचा' म्हणतात. मी एक कोरा फॉर्म गुरुजींच्या हाती काकूकडे धाडला. वहिनीला सांगितलेलं नाही. त्यांचं अपील उच्च न्यायालयात आहे, आणि आमच्या दोन घरांत बोलणं बंद आहे.