तुम्ही विचारलंत म्हणून: भावाला हक्कसोड करून द्यावी का?

वडील गेले की तेराव्याच्या आसपास बहिणी हा प्रश्न विचारतात: "भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय. नाही दिली तर माहेर तुटेल. काय करू?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी सातबाऱ्यावर तुमचं नाव लागू द्या. सोडायचं की ठेवायचं, ते नंतर.

घरचा न्याय असा: लग्नात खर्च केला, दागिने घातले, सणाला साडीचोळी होते, आईचं म्हातारपण भाऊच बघतो, मग जमीन त्याची. आईचं करणं ही खरंच मोठी गोष्ट आहे, तिचा विचार जरूर करा. पण हिंदू वारसा कायदा लग्नाचा खर्च हिश्शातून वजा करत नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच सहहिस्सेदार आहे. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं.

समजा, 8 एकर वडिलोपार्जित जमीन आहे. मागे आई, दोन भाऊ आणि तुम्ही. वडिलांना धरून पाच हिस्से पडतात, मग वडिलांचा पाचवा हिस्सा तुम्हा चौघांत वाटला जातो. शेवटी प्रत्येकाला 2 एकर. वडिलांनी मृत्युपत्र केलं असेल, तर ते फक्त त्यांच्या पाचव्या हिश्श्यापुरतं. स्वकष्टार्जित मिळकत मात्र ते हव्या त्याला देऊ शकतात.

गडबड वारस नोंदीतच, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावतानाच होते. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात मुलींची नावंच लिहीत नाहीत. म्हणून मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे स्वतः अर्ज द्या. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावातल्या बदलाची नोटीस निघाल्यावर हरकतीला 15 दिवस असतात; हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

नाव लागल्यावर मनापासून सोडायचं असेल तर सोडा, त्यात कमीपणा काही नाही. पण साध्या कागदावरची किंवा फक्त नोटरी केलेली हक्कसोड चालत नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. कोणत्या गट नंबरातला, किती हिस्सा, कोणाच्या नावे, हे त्यात स्पष्ट हवं. पैसे घेतले असतील तर रक्कमही लिहा. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरची हक्कसोड घेतात, तिला अर्थ नाही. जो हक्क अजून मिळालेलाच नाही, तो सोडता येत नाही.

भावांची खरी भीती वेगळीच असते: जमीन जावयाच्या घरात जाईल. तुम्हाला मूलबाळ नसेल आणि मृत्युपत्रही नसेल, तर वडिलांकडून आलेली मिळकत तुमच्या मागे वडिलांच्याच वारसांकडे परत जाते. वारसाने आलेला हिस्सा विकायचा झाला तर तो आधी घ्यायचा हक्क भावाचा, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालानुसार तो शेतजमिनीलाही लागू आहे. हे भावाला शांतपणे सांगा. नाव सामाईक ठेवून कसायला त्यालाच दिली, तरी पुष्कळ घरांत निभतं. पीककर्जाला बँक तुमची संमती मागेल. ती वेळेवर द्या, नाहीतर तिथेच वितुष्ट येतं.

सही फसवून आधीच घेतली असेल, तर ती फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांत दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करण्याचा दावा लावावा लागतो. तलाठी किंवा तहसीलदाराकडे अर्ज करून नोंदणीकृत दस्त रद्द होत नाही, आणि त्या अर्जांत वर्षं गेली तरी मुदत थांबत नाही.