उंदराचं थांबलं, मग माझं का नाही?

"तुम्ही फार्मसीवाल्या ना? मग माशाच्या तेलाने गुडघा दुखायचा थांबतो की नाही, एकदाचं सांगून टाका." खारघरला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, दिवाळे गावात बांगडा घेताना, हळदीकुंकवाला, सगळीकडे हेच. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, लिफ्टमध्ये एवढं मावत नाही.

बांगडा-तारलीत असतं ते डीएचए, ओमेगा-३ चरबीचा एक प्रकार. त्याने उंदरांचं दुखणं कमी होतं, हे खरं. जपानमध्ये कोबेला त्यावर बरंच काम झालंय, एम.फार्म.ला आम्हीही तसंच काहीसं केलं. पण 'कमी झालं' म्हणजे नक्की काय मोजलं, ते कुणी विचारत नाही.

उंदराच्या मागच्या पंजात फॉर्मेलिन, म्हणजे आग करणारं रसायन, टोचायचं आणि स्टॉपवॉच घेऊन समोर बसायचं. पंजा चाटायला लागला की बटण दाबायचं, सोडला की पुन्हा दाबायचं. पहिली पाचेक मिनिटं तो सारखा चाटतो. मग थांबतो. मिशा साफ करतो, कोपरे हुंगतो. एकदा अ‍ॅनिमल हाउसचे मामा मागे उभे होते. म्हणाले, "ताई, झाला की बरा." मी घड्याळ बघून म्हटलं, "अजून वेळ आहे, मामा." पुढे काय येणार ते मला माहीत होतं, त्याला नव्हतं. थोड्या वेळाने दुसरा टप्पा सुरू झाला, सुजेचा, पहिल्यापेक्षा लांब. मामा काही न बोलता निघून गेले. मी सेकंद मोजत राहिले.

डीएचए दिलेला उंदीर कमी चाटतो. गुंगीने तर नाही ना, म्हणून त्याला फिरत्या दांडीवर चालवून बघतात. अफूसारख्या औषधांचा परिणाम रोखणारं नालोक्सोन दिलं की हा परिणाम पुसला जातो, म्हणजे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक, एंडॉर्फिन, यात असावं. पुरावा देखणा आहे, आजही वाटतो.

"दया नाही आली?" आली. परवानगी होती, उंदीर लागतील तेवढेच घेतले होते. घरात सापळा लावणाऱ्यांनी मला हे विचारावं? पण सापळा लावणारा सेकंद मोजत बसत नाही, हेही खरं. यातून औषध निघेल, असं तेव्हा मी ठासून सांगायचे. आजही तसं म्हणते, फक्त आवाज तेवढा चढत नाही.

तुमचा गुडघा वर्षानुवर्षं झिजलाय, त्यात कुणी फॉर्मेलिन टोचलेलं नाही. माणसांतलं म्हणाल, तर २०२१ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात अर्धशिशीच्या १८२ रुग्णांची चाचणी आली. १६ आठवडे आहारात ओमेगा-३ वाढवलं, तर डोकेदुखीचे दिवस घटले. पण दुखण्याने रोजचं जगणं किती अडतं, या प्रश्नावलीत ठोस फरक दिसला नाही. माणसांना निदान विचारता तरी आलं.

बांगडा खा. जवसाची चटणीही खा, पण तिच्यापासून शरीरात डीएचए फार थोडं बनतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचं डॉक्टरांना विचारा, मला नको.