गवताचा भारा

पुसद तालुक्यात वनखात्यात बीट गार्ड होतो तेव्हाची गोष्ट. पोळा आठ-दहा दिवसांवर आला होता आणि रोपवनात, म्हणजे जिथं चराई-कटाई बंद असते तिथं, एक म्हातारा गवत कापताना सापडला. पंच्याऐंशीच्या आसपासचा असंल, भारा बांधून तयार, विळा हातातच. मी पीओआर बुक, म्हणजे वनगुन्ह्याची पहिली नोंद करायचं पुस्तक, काढलं आणि कलम लिहिलं, भारतीय वन अधिनियम 1927, कलम 26.

"साल काय लिवलं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं 1927.

"मंग तं इंग्रजाचाच कायदा हाये न साहेब. माहा बाप याच गवतापायी जेलात गेल्ता. बापूजी अणे आल्ते पुसदले."

मी पेन थांबवला. 10 जुलै 1930, पुसदचा जंगल सत्याग्रह, लोकनायक बापूजी अणेंनी राखीव जंगलात गवत कापलं आणि अटक झाली, हे शाळेत पाठ केलेलं. वऱ्हाडाला समुद्र नाही, तरी मिठाच्या सत्याग्रहात अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा गावी खाऱ्या विहिरीच्या पाण्यातून मीठ काढलंच लोकांनी, पण गावोगावच्या माणसाला खरं भिडलं ते जंगल, कारण मीठ विकत तरी मिळत होतं, बैलाचा चारा आणि चुलीचं सरपण जंगलातूनच यायचं आणि सरकारनं तिथंच कुंपण घातलं होतं. हे मला त्या दिवशी त्या भाऱ्याजवळ उभं राहून कळलं, पुस्तकातून कधी नाही.

मी म्हटलं, आबाजी, चूक झाली एवढं लिहून द्या, समज देऊन सोडतो.

"चूक नाई लिवत. गवत कापलं म्हून लिव, सही करतो. बापानं माफी मांगतली नवती."

रोपवन बंद ठेवावंच लागतं, जनावरं घुसली तर एक झाड उभं राहत नाही, त्या बाबतीत मी आजही ठाम आहे. पण वाकून पाह्यलं तर सागाच्या प्रत्येक रोपाभोवती त्यानं हातभर गवत तसंच सोडलं होतं, एका पानालाही विळा लागलेला नव्हता.

पीओआर बुक मी पिशवीत टाकलं. भारा त्याच्या डोक्यावर मीच चढवून दिला. संध्याकाळी डायरीत लिहिलं, गवत कापताना एक इसम मिळाला, समज दिली. माफीनाम्याचा उल्लेख केला नाही.