मराठी शब्दखेळ लिहिताना आलेला अक्षरांचा प्रश्न आणि तो कसा सुटला

इंग्रजीतील ‘वर्डल’ हा शब्द ओळखण्याचा खेळ २०२१ च्या अखेरीस घरोघरी पोहोचला, तेव्हापासून तसा खेळ मराठीतही असावा असे मला वाटत होते. मी व्यवसायाने लेखापाल आहे आणि जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा फावल्या वेळात, केवळ आवडीने शिकलो आहे. तीन अक्षरी शब्द, सहा संधी आणि प्रत्येक अंदाजानंतर चौकटींचे बदलणारे रंग (अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर तर हिरवा, अक्षर आहे पण जागा वेगळी तर पिवळा, अक्षरच नाही तर करडा) एवढाच माझा आराखडा होता. चौकटी मांडणे, रंग देणे, शब्दांची यादी फाइलमधून वाचून घेणे ही कामे फारसा त्रास न होता पार पडली. अडचण सुरू झाली ती शब्दाची अक्षरे मोजण्यापाशी.

‘क्षत्रिय’ या शब्दात तीन अक्षरे आहेत हे शाळकरी मूलही सांगेल, परंतु जावास्क्रिप्टमधले लांबी मोजणारे लेंग्थ त्याचे उत्तर आठ असे देते, आणि स्प्लिट वापरून तो शब्द तोडला की क, हलन्ताचे (पाय मोडण्याचे) चिन्ह, ष, त, पुन्हा हलन्त, र, ऱ्हस्व वेलांटी आणि य असे आठ तुकडे आठ चौकटींत जाऊन बसतात. ‘स्वातंत्र्य’ या तीन अक्षरी शब्दाचे तर अकरा तुकडे होतात. याला भाषेचा किंवा ब्राउझरचा दोष म्हणता येणार नाही. युनिकोड या, प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात देवनागरीची व्यंजने, मात्रा आणि हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक दिलेले आहेत, जोडाक्षराला वेगळा क्रमांक नाही, आणि लेंग्थ फक्त ते क्रमांक मोजते.

माझ्यासारखेच छंद म्हणून ॲप आणि गेम लिहिणारे काही स्नेही आहेत. कोणाचे कुठे अडले की आम्ही एकमेकांना विचारतो. मी माझा संपूर्ण कोड आणि खेळाच्या पडद्याचे चित्र त्यांच्याकडे पाठवले. नांदेडला अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे उत्तर सर्वांत आधी आले, आणि ते उत्तर म्हणजे एक विनंती होती: “दादा, गेम तूर्त बाजूला ठेवा. हा एकच शब्द घ्या, त्याचे कोडपॉइंट, म्हणजे चिन्हांचे युनिकोड क्रमांक, एकाखाली एक छापा आणि ते मजकूर म्हणून पाठवा. फोटो नको.” फोटो का नको, हे मला तेव्हा नीट कळले नव्हते, पण पुढे याच एका सवयीने माझे बरेचसे काम सोपे केले. पडद्यावर दिसते ते फॉंटने जुळवून दाखवलेले रूप असते, आणि प्रोग्रॅम ज्याच्याशी काम करतो ती मागची क्रमांकांची रांग असते. दोन शब्द डोळ्यांना हुबेहूब सारखे दिसत असूनही त्यांच्या रांगा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे केवळ चित्र पाहून मदत करू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी यावर जावास्क्रिप्टमधले तयार साधन सुचवले. इंटल सेगमेंटर नावाचे हे साधन मजकुराचे वाचकाला जाणवतील अशा एककांत तुकडे करते. मी ते वापरून पाहिले. माझ्या संगणकावर ‘क्षत्रिय’चे तीन तुकडे झाले, आणि घरातल्या जुन्या फोनवर तोच प्रोग्रॅम चालवल्यावर पाच: क्, ष, त्, रि, य. मी दोन्ही यंत्रांवरचे निकाल शेजारी शेजारी ठेवून पाठवले, तेव्हा ताईंनी कारण उलगडून सांगितले. युनिकोडच्या मूळ नियमात हलन्त आधीच्या व्यंजनाला चिकटत असे, पण पुढचे व्यंजन त्याला जोडले जात नसे. देवनागरीसारख्या लिप्यांतील जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत त्या मानकात आला. ज्या यंत्रातली माहिती जुनी, तिथले उत्तर जुने. “वापरणाऱ्याकडे कोणता फोन असेल हे आपल्या हातात नाही. मराठीपुरता नियम लहान आहे, तो तुम्ही स्वतःच लिहा,” असे त्यांनी सुचवले, आणि तो सल्ला मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो.

तो नियम खरोखरच लहान निघाला. शब्दातील चिन्हे एकेक करून वाचावीत. आलेले चिन्ह मात्रा, अनुस्वार, चंद्रबिंदू, विसर्ग, नुक्ता (अक्षराखालचे टिंब), हलन्त किंवा अदृश्य जोडक (अक्षरे कशी जुळवून दाखवावीत हे सांगणारे, न दिसणारे चिन्ह) असेल, तर ते आधीच्या गटात घालावे. ते व्यंजन असेल आणि आधीचा गट हलन्ताने संपत असेल, तर तेही त्याच गटात घालावे, मग हलन्तानंतर जोडक असो वा नसो. बाकी सर्व वेळी नवा गट सुरू करावा. वीस-पंचवीस ओळींत हे सारे बसते.

हा नियम तपासण्यासाठी मी सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त मराठी शिक्षकांची मदत घेतली. सरांना कोड लिहिता येत नाही, तरी चाचणीचे शब्द निवडण्याचे काम त्यांच्याइतके चांगले आमच्यापैकी कोणालाही जमले नसते. वाङ्मय, उत्कृष्ट, स्वातंत्र्य, अर्थात्, कऱ्हाड अशी यादी त्यांनी हाताने लिहून दिली आणि प्रत्येक शब्दापुढे अक्षरे फोडून दाखवली. ‘अर्थात्’ मधील शेवटच्या पाय मोडक्या त ला स्वतंत्र चौकट द्यावी की तो ‘र्था’ च्या चौकटीत घालावा, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. सरांनी स्वतंत्र चौकट धरावी असे ठरवले आणि माझ्या नियमातून तेच उत्तर येत होते. यादीतील चार शब्द बिनबोभाट उत्तीर्ण झाले. ‘कऱ्हाड’ची तीन अक्षरेही बरोबर मोजली गेली, पण खेळात तो शब्द अचूक टाइप करूनही उत्तर चुकीचे ठरत होते.

येथे नांदेडच्या विद्यार्थ्याची सवय कामी आली. मी यादीतला ‘कऱ्हाड’ आणि खेळाडूने टाइप केलेला ‘कऱ्हाड’ या दोहोंचे कोडपॉइंट शेजारी शेजारी छापले आणि फरक लगेच दिसला. मराठीतला हा अर्धा र दोन रीतींनी साठवला जातो: एका रीतीत ऱ या स्वतंत्र अक्षरापुढे हलन्त येतो, तर दुसरीत साधा र, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा जोडक. काही कीबोर्ड पहिली रीत वापरतात, काही दुसरी, आणि माझ्या शब्दयादीत दोन्हींची सरमिसळ झालेली होती. जावास्क्रिप्टचे नॉर्मलाइझ हे फंक्शन र आणि नुक्ता यांचा ऱ करून देते, पण जोडक असलेल्या रूपाला हात लावत नाही. त्यामुळे ते बदलून घेणारी ओळ मला स्वतंत्रपणे लिहावी लागली. ती ओळ उरलेले जोडक काढून टाकण्यापूर्वीच यावी लागते, कारण क्रम उलटा झाला तर अर्ध्या र चा रफार होतो. सरांनी यासाठी ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ ही जोडी चाचणीत घालायला सांगितली: पहिले स्वयंपाक करणारे, दुसरे गुरुजन. ज्या कोडमध्ये हे दोन शब्द एकच ठरतात, तो कोड मराठीसाठी निरुपयोगी आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

‘ॲप’ या शब्दाचेही तसेच झाले. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ मधील ५.१ या आवृत्तीत आले. त्यामुळे अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हांची जुळणी अजूनही पुष्कळ मजकुरात आढळते, आणि नॉर्मलाइझ हे दोन प्रकारही एक करत नाही. त्यासाठी आणखी एक ओळ वाढवली.

टाइप केलेले अक्षर पकडण्याचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. अँड्रॉइड फोनवर कीडाउन या (कळ दाबताच घडणाऱ्या) घटनेतून बहुतेक वेळा २२९ हा एकच आकडा हाती येतो, म्हणून कीडाउनचा नाद सोडून इनपुट या घटनेत संपूर्ण मजकूर वाचावा, एवढे ताईंनी सांगितले आणि काम झाले.

रंग देण्याचे तर्कशास्त्र मात्र पुन्हा विचार करायला लावणारे होते. उत्तर ‘मराठी’ असताना खेळाडूने ‘ममता’ लिहिले, तर पहिला म हिरवा व्हावा आणि दुसरा करडा राहावा. केवळ ‘हे अक्षर शब्दात आहे का’ एवढेच तपासले, तर दुसरा म उगाच पिवळा होतो. म्हणून दोन फेऱ्या कराव्या लागतात: पहिल्या फेरीत जागेवर बरोबर असलेली अक्षरे हिशेबातून काढावीत आणि दुसऱ्या फेरीत उरलेल्यांची गणती करावी. शिवाय मराठीत आणखी एक पायरी लागते. उत्तर ‘मदत’ असताना ‘मैदान’ लिहिले, तर म आणि द ही व्यंजने आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त मात्रा वेगळ्या आहेत. काटेकोर तुलनेत तिन्ही चौकटी करड्या राहतात आणि खेळाडूच्या हाती काहीच येत नाही. सर म्हणाले की अशा वेळी निळा रंग द्यावा, व्यंजन बरोबर आणि मात्रा चूक या अर्थाने. निळा रंग आला आणि खेळ प्रथमच खेळण्याजोगा वाटू लागला.

अलीकडे नांदेडच्या त्याच विद्यार्थ्याने त्याच्या स्वतःच्या खेळाबद्दल मला विचारले. तो गोडो या, गेम बनवण्याच्या इंजिनमध्ये संवाद असलेला एक मराठी खेळ लिहीत होता, आणि इंजिनच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याची जोडाक्षरे तुटून वेलांट्या भलत्याच जागी दिसत होत्या. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये हार्फबझ या अक्षरे जुळवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आधारित मजकूर-रचना आहे, म्हणून त्याने प्रकल्प त्या आवृत्तीत हलवला आणि अक्षरे नीट दिसू लागली. तरीही पात्राचे बोलणे एकेक अक्षर उमटताना आधी क् दिसे आणि मग क्षणात त्याचा क्ष होई. मी त्याला संवाद दाखवणाऱ्या लेबलचा कोड तेवढा वेगळा काढून मजकूर म्हणून पाठवायला सांगितले. दृश्य अक्षरांच्या वर्तनाचा पर्याय मूळ स्थितीत ‘रचनेपूर्वी’ असा होता. तो ‘रचनेनंतर’ असा केल्यावर त्याच्या पात्राच्या तोंडी ‘क्षमा’ हा शब्द पूर्ण क्ष ने सुरू झाला.