बाबांच्या वहीतले 1 कोटी

परवा माळा आवरताना बाबांची जीकेची वही सापडली आणि मी तिथंच धुळीत बसून वाचत राहिले. बाबा एसटीत कंडक्टर होते, सीटवर लोक सोडून गेलेले पेपर घरी आणायचे आणि राजधान्या, नद्या, कोणाला कुठला पुरस्कार सगळं वहीत उतरवायचे. वर्षानुवर्षं हे चालू होतं आणि त्या माहितीचं काय करायचं हे कोणीच त्यांना कधी विचारलं नव्हतं. मग जुलै 2000 मध्ये टीव्हीवर केबीसी, म्हणजे 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि रात्री 9 वाजता अमिताभ बच्चन नेमकं हेच विचारायला लागले!!

आम्ही बार्शीला होतो, घरी फोन नव्हता, त्यामुळे केबीसीत भाग घ्यायला फोन लावायचा तर बाबा एसटीडी बूथवर जाऊन रांगेत उभे राहायचे. लाईन कायम बिझी. लागला नाही तर परत यायचे, जेवायचे, पुन्हा जायचे. ऑक्टोबरमध्ये मुंबईचा हर्षवर्धन नवाथे 1 कोटी जिंकला, तो स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा मुलगा, तेव्हा बाबा घरातलंच कोणी जिंकल्यासारखे पेढे घेऊन आले होते. बाबांना मात्र केबीसीचं बोलावणं कधीच आलं नाही.

लोक याला फुकटचा पैसा म्हणतात ना, ते मला अजिबात पटत नाही. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवायच्या, महिन्याला 1500 रुपये मिळायचे, 2019 ला त्या 1 कोटी जिंकल्या, यात फुकटचं काय आहे? ती उत्तरं डोक्यात यायला किती वर्षं गेली असतील. आणि काय घेणार विचारल्यावर त्या म्हणाल्या मोबाईल, घरात सगळ्यांत मिळून एकच होता. मला तेव्हा रडूच आलं होतं.

पैसा आल्यावर सांभाळणं वेगळं, तेही खरंय. मोतिहारीचे सुशील कुमार 2011 ला 5 कोटी जिंकले, आधी महिन्याला 6 हजारांवर कॉम्प्युटर ऑपरेटर होते. फसवणूक, दारू, घरातले वाद, सगळं त्यांनी 2020 मध्ये स्वतःच लिहिलं, आणि चंपारणमध्ये घरोघरी चाफ्याची रोपं लावत फिरले. अमेरिकेत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हाही हेच, तिथं तर ज्याला पहिल्यांदा सोनं दिसलं तो जेम्स मार्शल, 24 जानेवारी 1848 ला जॉन सटर नावाच्या जमीनदाराच्या लाकूड गिरणीच्या पाटात, तो गरिबीतच गेला. सटरच्या जमिनीवर लोकांनी कब्जा केला, त्याचंही वाटोळं झालं. सॅम ब्रॅनन नावाच्या दुकानदाराने आधी खोरी, घमेली साठवली आणि मग सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर सोनं सापडलं म्हणून ओरडत फिरला, बक्कळ कमावलं, पण शेवटी तोही कफल्लकच. 1849 मध्ये सोन्यासाठी तिकडे धावलेल्या बहुतेकांना तिथं राहायचंच नव्हतं, चार पैसे कमवून घरी परत जायचं होतं, आणि मला वाटतं त्यातल्या कित्येकांच्या खिशात काय काय करायचं त्याची यादी असणारच.

कारण तशी यादी बाबांच्या वहीतही आहे. शेवटच्या पानावर वर लिहिलंय '1 कोटी' आणि खाली हिशोब, पतसंस्थेचं कर्ज 42,000, आजीचा मोतीबिंदू 8,000, घराचा स्लॅब 60,000, ताईचं लग्न 1,00,000, हिच्या पाटल्या 25,000. बेरीज 2,35,000. पुढचं पान कोरं आहे. म्हणजे 1 कोटीचं स्वप्न बघणाऱ्या माझ्या बाबांचं सगळं 10 व्या प्रश्नालाच भागलं असतं, तेव्हा तिथं 3 लाख 20 हजार मिळायचे.

वही घेऊन खाली आले तर बाबांनी चष्मा लावून ते पान बराच वेळ बघितलं. म्हणाले, कर्ज फिटलं, स्लॅब पडला, ताईचं झालं. मग पेन मागितलं आणि एकेका ओळीपुढे बरोबरची खूण केली. पाटल्यांच्या ओळीशी मात्र थांबले आणि स्वयंपाकघराकडे बघत राहिले.