घड्याय पुढे शे!

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवा, असा शाळेचा निरोप आला आणि लगेच लिहायला बसलो. पण भूगोलाच्या सरांपलीकडे काही सुचेना. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

काठीचा तास आमच्या बॅचला आठवत असेलच. नाताळच्या सुटीआधी सर आठवीला मैदानात नेत, काठी रोवत आणि सावलीच्या टोकाशी थोड्या थोड्या वेळाने खडा ठेवायला लावत. बाराला सावली सर्वांत आखूड होणार, अशी आमची खात्री. बारा वाजून गेले तरी ती आखडतच होती, साडेबाराच्या सुमारास थांबली. कुणीतरी ओरडलं, "सर, सूर्य लेट आहे!" सर वर्गात कायम पुस्तकी बोलत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "सूर्य बरोबर शे रे भाऊ, घड्याय पुढे शे!"

मग मातीतच गणित मांडलं. भारताची वेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखांशाची, आपलं अमळनेर ७५ अंशांवर, अंशाला ४ मिनिटं. १९०६ला ही भारताची वेळ लागू झाल्यानंतरही मुंबईने कित्येक वर्षं आपली ३९ मिनिटं मागची वेळ सोडली नव्हती, हेही तेव्हाच कळलं. डिसेंबरअखेरच का, ते मात्र मला फार उशिरा उमगलं. एरवी सूर्यही घड्याळाच्या थोडा मागेपुढे असतो, त्या दिवसांत तो फरक जवळपास शून्य होतो. सरांनी दिवस निवडून ठेवला होता!

आता मी पुण्यात सर्व्हर सांभाळतो. एका ठिकाणी नवीन लिनक्स (युनिक्सच्या घराण्यातली संगणकप्रणाली) सर्व्हर साडेपाच तास मागे दिसत होता, म्हणून तिथल्या पोराने घड्याळच हाताने पुढे केलं. झालं! लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, संध्याकाळच्या नोंदी दुपारीच पडू लागल्या. वेळ जुळवणाऱ्या एनटीपीला हजार सेकंदांहून जास्त फरक दिसला, तेव्हा तीही बंद पडली. युनिक्स मुळात १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून (आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच) सेकंद मोजतं. तो आकडा जगभर एकच, भारतीय वेळ फक्त दाखवण्यापुरती. सर्व्हरचं घड्याळ मुळात बरोबरच होतं, कुठल्या देशाची वेळ दाखवायची तो वेळेचा विभाग (टाइम झोन) चुकला होता. मी विभाग 'एशिया/कोलकाता' केला, घड्याळ पूर्ववत आणून एनटीपीच्या हवाली केलं, मशीन बंद असतानाही चालणाऱ्या हार्डवेअर घड्याळात तीच वेळ भरली आणि ठरल्या वेळी कामं करणारा क्रॉन नव्याने सुरू केला, कारण तो जुनाच विभाग धरून बसतो. पोराने विचारलं, "सर, कुठे शिकलात?" मी म्हटलं, "अमळनेरला, आठवीत."

आता त्या मैदानात फरशा बसवल्यात म्हणे. काठी रोवायची कुठे? गाड्या लावायला तेवढी सोय झाली असेल.

शाळेच्या लॅबमध्ये लिनक्सचे संगणक आल्याचं मुख्याध्यापकांनी कळवलंय. एखादा साडेपाच तास मागे दिसला, तर कुणी हाताने वेळ बदलू नका. कार्यक्रमाला मी येतोच आहे.