झडीच्या दिवसांतले धुणे

इंदिरानगर, नाशिक
२३ जुलै

पुष्य नक्षत्र लागल्यापासून झड लागून राहिली आहे. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा असे आपल्याकडे म्हणतात. हा म्हातारा पाऊस जोराने कोसळत नाही, पण उघडीपही देत नाही. इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर सह्याद्रीची रांग ओलांडून ढग नाशिक शहरावर येतात तोवर त्यांतले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच सांडलेले असते आणि आमच्या वाट्याला ७०० मिलिमीटरच्या आसपास उरते. असे असूनही या दिवसांत घराघरांत धुण्याची जी अडचण होते ती काही इगतपुरीहून फार वेगळी नसते, कारण कपडे वाळायचे की नाही हे पाऊस किती पडला यावर ठरत नाही, हवेत ओल किती आहे यावर ठरते. दिवसभर नुसती रिपरिप चालू राहिली तरी हवा पाण्याने तुडुंब भरलेली असते आणि दोरीवरचा टॉवेल सकाळी घातला तसाच संध्याकाळी हाताला लागतो.

आज दुपारी मी कागद घेऊन मागच्या खोलीचा हिशेब मांडला. खोली दहा बाय बारा फुटांची, उंची साडेनऊ फूट. म्हणजे तीत सुमारे ३२ घनमीटर हवा आहे. २५ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावते. बाहेरची आर्द्रता ९० टक्के असली तर त्यातली जवळजवळ सगळी जागा आधीच भरलेली असते आणि घनमीटरमागे दोन-सव्वादोन ग्रॅमच शिल्लक राहतात. संपूर्ण खोलीची बेरीज केली तर सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम होतात, म्हणजे जेमतेम अर्धी वाटी पाणी. आता दुसरी बाजू पाहू. पाच किलो सुती कपडे वॉशिंग मशीनने पिळून दिले तरी त्यांच्यात अडीच ते तीन लिटर पाणी राहिलेले असते. अर्ध्या वाटीची जागा असलेल्या खोलीत तीन लिटर पाणी कसे मावणार? दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत आपण दोन दिवस कपडे टांगून ठेवतो आणि ते वाळत नाहीत म्हणून हवामानाला दोष देतो, तेव्हा खरे तर त्या पाण्याला जायला आपणच जागा ठेवलेली नसते.

यावर एक शंका साहजिक आहे आणि ती आमच्याकडेही निघाली: बाहेरचीच हवा इतकी ओली असेल, तर खिडकी उघडून फायदा काय? फायदा होतो, आणि त्याचे कारण घरातल्या उबेत आहे. स्वयंपाक, माणसांचा वावर, फ्रिज, दिवे यांमुळे घर बाहेरपेक्षा दोन-तीन अंशांनी उबदार असते. बाहेरची २४ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा घरात येऊन २७ अंशांवर गेली की तिच्यातले पाणी तेवढेच राहते, पण तिची पाणी धरण्याची ताकद वाढते आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या जवळ उतरते. ही हवा कपड्यांना स्पर्शून, त्यांचे पाणी घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर गेली पाहिजे, एवढीच अट आहे. म्हणून एक खिडकी उघडून भागत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेची खिडकी चार बोटे उघडी, समोरचे दार सताड उघडे आणि त्यापलीकडच्या बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन चालू, अशी वाट करून दिली की खोलीतली हवा सतत बदलत राहते. दोरीसुद्धा त्या वाटेच्या दिशेनेच बांधावी. आडवी बांधली तर पहिली चादर पडद्यासारखी वारा अडवते आणि मागच्या ओळी तशाच ओल्या राहतात.

लासलगावकडे उन्हाळ कांदा ठेवण्याच्या चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला, फटी ठेवून बांधलेला, बाजूंनाही फटी, आणि ढिगाची रुंदी चार-पाच फुटांच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण त्यापुढे मधल्या कांद्यापर्यंत हवा पोचत नाही आणि तो सडतो. वरून पाऊस लागू नये म्हणून छप्पर, पण हवा मात्र अडवायची नाही. जो शहाणपणा आपल्या जिल्ह्यातला शेतकरी कांद्यासाठी वापरतो, तो आपण आपल्या अंगावरच्या कपड्यांसाठी वापरत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

सासूबाईंचे माहेर पंचवटीतल्या जुन्या वाड्यात. त्यांच्या लहानपणी माजघरात छताजवळ वलणी टांगलेली असे आणि तिच्यावर लांब काठीने लुगडी चढवीत. चुलीची ऊब वर जाई, कपड्यांतली ओल घेई आणि कौलांच्या फटींमधून निघून जाई. घराच्या बांधणीतच ती सोय होती. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांसाठी शेगडीतल्या निखाऱ्यांवर वेताची टोपली उपडी घालीत आणि त्या टोपलीवर एकेक दुपटे पसरून ऊनऊन करून घेत. ही दुसरी रीत मात्र आजच्या बंद फ्लॅटमध्ये कोणीही करू नये, हे मला इथे आवर्जून लिहून ठेवायचे आहे. कौलारू घरातून निखाऱ्यांचा धूर आणि वायू निघून जात होता. स्लॅबच्या, घट्ट खिडक्यांच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

कपडा वाळला की नाही हे ओळखण्याची सासूबाईंची पद्धत मी आता आपलीशी केली आहे. आज शर्टाची कॉलर चाचपून मी तो घडीसाठी काढून ठेवला, तर त्या म्हणाल्या, "अगं, बोटांना काय कळतंय? गालाला लावून बघ. गार लागला म्हणजे ओलाच आहे." त्यात तथ्य आहे. पाण्याची वाफ होताना ते कपड्यातली उष्णता घेते, म्हणून जिथे ओल आहे तिथे कपडा आजूबाजूपेक्षा गार असतो, आणि कामाने निबर झालेल्या बोटांपेक्षा गालाला तो फरक लवकर जाणवतो. कॉलर, कफ, बगलेची शिवण, जीन्सचे खिसे आणि कमरेची पट्टी ही ओल लपून राहण्याची ठिकाणे. जीन्स उलटी करून, खिशांच्या पिशव्या बाहेर ओढून, कमरेच्या घेराला चिमटे लावून ती नळीसारखी उघडी टांगली, तर हवा आतूनही फिरते. दोरीवर दुमडून टाकली तर दुमडीच्या जागी दोन दिवसांनीही हात लावल्यास ओल सापडते. शर्ट हँगरला लावावेत, दोन हँगरांमध्ये चार बोटांचे अंतर ठेवावे आणि टॉवेल एकावर एक कधीही टाकू नयेत. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे पाणी आधीच काढून टाकणे. एका लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळजवळ दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते; तेच पाणी मशीनमध्ये आणखी एकदा स्पिन करून पिळून काढायला त्याच्या मानाने नगण्य वीज पुरते.

कुबट वासाबद्दल थोडे. तो वास पावसाचा नव्हे, जिवाणूंचा. २०१२ साली जपानी संशोधकांनी घरात वाळवलेल्या कपड्यांच्या वासाच्या मुळाशी मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचे दाखवून दिले. कपडा जितका अधिक काळ ओला राहील तितकी त्याची वाढ होते, आणि एकदा तो धाग्यांत बसला की कपडा कोरडा झाल्यावरही अंगाच्या घामाने पुन्हा वास मारू लागतो. अशा कपड्यावर अत्तर किंवा सुगंधी द्रव्य शिंपडण्यात अर्थ नाही. कपड्याला सोसेल इतक्या गरम पाण्यातून तो पुन्हा काढणे हाच उपाय. धुतलेले कपडे मशीनमध्ये तासन् तास पडू न देणे हाही याच हिशेबातला भाग आहे.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना यातले पुष्कळसे अनुभवाने ठाऊक आहे, पण त्यांच्यापाशी जागा नाही. पत्र्याची एक खोली, तीत एकच छोटी खिडकी, आणि रात्री सगळे झोपले की दोरीखालून वाकून जावे लागते. "ताई, पोरीचा गणवेश रात्रभर पंख्याखाली ठेवते, पण लाईट गेली की सकाळी दमटच घालून जाते," असे त्या आज सांगत होत्या. शाळेचा एकच जोड असलेल्या मुलीला ओल्या कपड्यांत बसावे लागते, हा प्रश्न धुण्याचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. गणवेश रोज इकडे आणून आमच्या मशीनमध्ये पिळून न्यायचे आमचे ठरले आहे. पाणी निम्मे झाले तर पंख्याला रात्र पुरेल.

ज्यांना सदनिका मिळाली त्यांचेही सगळे ठीक आहे असे नाही. आमच्या इमारतीतली ड्राय बाल्कनी तीन फूट रुंद, डक्टच्या बाजूला, तिन्ही बाजूंनी भिंती. वॉशिंग मशीन ठेवल्यावर माणूस उभा राहील एवढीच जागा उरते आणि वाऱ्याचा तिथे शिरकाव नाही. पुढच्या बाल्कनीत कपडे घालायला सोसायटीची मनाई, कारण इमारतीचा दर्शनी भाग बिघडतो. त्यामुळे प्रत्येक घरातले रोजचे दोन-तीन लिटर पाणी घरातल्याच हवेत सुटते आणि पुढे कपाटाच्या मागच्या भिंतीवर काळी बुरशी होऊन उमटते. ज्या घरात दमेकरी आहे तिथे ही बुरशी म्हणजे नुसता डाग नाही.

रविवारच्या सभेत मी गच्चीचा विषय मांडणार आहे. आमची गच्ची चांगली मोठी आहे आणि पावसाळाभर कुलूपबंद असते. तिच्या एका कोपऱ्यात पन्हळी पत्र्याचे छप्पर, चारही बाजू मोकळ्या, पश्चिमेकडून झडप येते म्हणून तेवढ्या बाजूला छप्पर दोन-तीन फूट पुढे काढलेले, आणि पश्चिम-पूर्व बांधलेल्या दोऱ्या, मजल्यागणिक एक. एवढीच माझी मागणी आहे. परवानगी लागेल का, खर्च किती येईल, दोऱ्यांची पाळी कशी लावायची आणि किल्ली कोणाकडे राहील, हे चार मुद्दे आज लिहून काढले. किल्ली तळमजल्यावरच्या काकांकडे ठेवावी असे मला वाटते, कारण ते दिवसभर घरी असतात. पण त्यांना आधी विचारले पाहिजे.